थोर संशोधक निकोला आपेर



आपल्या भित्तिपत्रकावर थोर माणसांची चरित्रे लावलेली असतात. छत्रपती शिवाजी महाराज, अहिल्यादेवी होळकर, महात्मा फुले, सावित्रीबाई फुले यांची चरित्रे तुम्ही वाचली असतील. मी आज एका आचाऱ्याचे चरित्र सांगणार आहे. आचारी म्हटल्यावर काही जण हसतील. पण या आचाऱ्याने जे काम केले ते मोठमोठ्या राजांना आणि सेनापतींना जमले नव्हते. त्यांचे नाव निकोला आपेर. ते फ्रान्स देशाचे. बंद बाटलीत अन्न वर्षभर चांगले कसे ठेवायचे, हे त्यांनी शोधून काढले. काही पुस्तकांत त्यांचे नाव फ्रान्स्वा असे छापलेले आहे. पण खरे नाव निकोलाच.

अन्न टिकवण्याच्या जुन्या रीती

अन्नाची एक गंमत आहे. असते तेव्हा लई असते आणि नसते तेव्हा अजिबात नसते. टमाट्याचे पीक जोरात आले की बाजारात भाव पडतो. मग शेतकरी क्रेट भरून आणलेले टमाटे रस्त्याच्या कडेला ओतून देतात. तेच टमाटे दोन महिन्यांनी इतके महाग होतात की आई भाजीत अर्धाच टाकती.

म्हणून आपल्या आयाआज्या अन्न टिकवून ठेवतात. उन्हाळा आला की गच्चीवर, अंगणात वाळवण असते. कुरडया, पापड, सांडगे, वाळवलेली मेथी, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. कैरीचे लोणचे घालतात. मुरांबा आणि साखरांबा करतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला आजी दादरा बांधती आणि ओला हात लावू देत नाही. लोणच्यावर तेल तरंगत राहिले पाहिजे, नाहीतर बुरशी येते, असे ती सांगती.

या सगळ्या रीती चांगल्या आहेत. ऊन, मीठ, तेल आणि साखर यांच्यामुळे अन्न टिकते. पण एक अडचण आहे. अन्नाची चव बदलून जाते. लोणच्यातली कैरी झाडावरच्या कैरीसारखी लागत नाही. वाळवलेली मेथी ताज्या मेथीसारखी लागत नाही. हिरवा वाटाणा हिरव्या वाटाण्यासारखाच राहावा आणि तरी वर्षभर टिकावा, हे कोणालाच जमत नव्हते. ते आपेर यांनी जमवले.

जन्म आणि बालपण

निकोला आपेर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्समधील शालों या गावी झाला. त्यानंतर महिन्याच्या आतच, १५ डिसेंबर १७४९ ला, इकडे साताऱ्यात छत्रपती शाहू महाराज वारले. यावरून तो काळ किती जुना आहे हे आपल्या ध्यानात येईल. तेव्हा रेल्वे नव्हती, वीज नव्हती आणि बर्फाची पेटी म्हणजे फ्रीज तर नव्हताच.

निकोलाचे वडील सराई चालवत. सराई म्हणजे वाटसरूंना जेवायला आणि झोपायला जागा. त्यामुळे निकोला लहानपणापासून चुलीजवळच वाढला. भाजी निवडणे, मांस खारवणे, पेये बाटलीत भरणे, बूच ठोकणे ही कामे तो बघता बघता शिकला. शालों गाव ज्या भागात आहे, तिथली द्राक्षाची फेसाळ दारू जगात प्रसिद्ध आहे. ती बाटलीत फसफसते. म्हणून तिच्या बाटल्या जाड काचेच्या करतात आणि बूच उडू नये म्हणून त्याला तारेने बांधतात. हे मी मुद्दाम सांगत आहे. दारूची स्तुती करायला नाही. ही जाड बाटली आणि हे तारेने बांधलेले बूच पुढे आपेर यांच्या फार उपयोगी पडले.

मोठे झाल्यावर ते जर्मनीतल्या एका लहान संस्थानिकाकडे आचारी म्हणून राहिले. संस्थानिक वारल्यावर त्यांच्या पत्नीकडेही त्यांनी नोकरी केली. नंतर १७८४ मध्ये ते पॅरिस शहरात आले आणि त्यांनी मिठाईचे दुकान काढले. दुकान चांगले चालले.

मग १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आपेर यांनीही तिच्यात भाग घेतला. पण त्या धामधुमीत आज पुढारी असलेला माणूस उद्या तुरुंगात जाई. १७९४ मध्ये आपेर यांनाही तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी ते सुटले. त्या वर्षी तुरुंगातून कितीतरी माणसे फासावर नाही तर गिलोटिनखाली गेली. आपेर वाचले, हे जगाचे नशीबच म्हणायचे.

सैन्याचे पोट

सैन्य म्हणजे काय ते आपल्या भिंगारकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या शेजारीच लष्कराचा कॅम्प आहे. आणि जुन्या काळी तर इथे केवढी सैन्ये येऊन गेली. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये इथेच भिंगारजवळ छावणीत मेला. एवढ्या मोठ्या छावणीला खायला काय घालायचे, हा मोठाच प्रश्न असायचा. वंजारी आणि लमाण लोकांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून सैन्यामागे चालत. धान्य संपले की सैनिक गावे लुटत. म्हणजे लढाई राजांची आणि उपाशी राहायची वेळ शेतकऱ्याची.

फ्रान्समध्येही तसेच होते. तिकडे जहाजांवर तर फार वाईट हाल. समुद्रात दुकान नाही की शेत नाही. खलाशांना महिनोन् महिने खारवलेले मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे खावी लागत. ताजी भाजी नाही, फळ नाही. त्यांच्या हिरड्या सुजत, दात पडत आणि पुष्कळ माणसे रोगाने मरत. लढाईत मरत त्यापेक्षा जास्त माणसे अशीच मरत.

आपेर तुरुंगातून सुटल्यावर पॅरिसजवळच्या इव्री या गावी राहायला गेले. तिथे त्यांनी अन्न टिकवण्याचे प्रयोग सुरू केले. कोणी बक्षीस लावले म्हणून त्यांनी प्रयोग केले नाहीत. आपले दुकान आणि आपली चूल यांच्याच जिवावर त्यांनी सुरुवात केली. पुढे मासी या गावी त्यांनी कारखाना काढला. तिथे शेतातला ताजा वाटाणा आणि घेवडा तोडायचा आणि लगेच बाटलीत भरायचा.

आपेर यांची कृती

आता ते काय करत ते मी क्रमाने सांगतो.

पहिले काम, जाड काचेच्या बाटल्या घ्यायच्या. वाटाण्याला अरुंद तोंडाची चालते. पण मांसाला आणि मोठ्या फळांना रुंद तोंडाची लागते. म्हणून त्यांनी तशा बाटल्या मुद्दाम करून घेतल्या.

दुसरे काम, बाटलीत अन्न भरायचे. काठोकाठ नाही भरायचे. वर थोडी जागा सोडायची. कारण तापले की अन्न फुगते.

तिसरे काम, बूच घट्ट ठोकून बसवायचे आणि तारेने आवळायचे. बूच ठोकताना ते फार काळजी घेत. रुंद तोंडासाठी बुचाचे तुकडे एकमेकांना चिकटवून ते मोठे बूच तयार करत. वरून चुना आणि दुधाच्या चिजाचा लेप देत, म्हणजे बारीकशी फटसुद्धा राहत नसे.

चौथे काम, प्रत्येक बाटलीला जाड कापडाची पिशवी घालायची. कशापायी? तर उकळताना बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून.

पाचवे काम, बाटल्या मोठ्या हंड्यात थंड पाण्यात उभ्या करायच्या आणि मग हळूहळू पाणी तापवायचे. एकदम उकळत्या पाण्यात थंड काच टाकली तर ती तडकते. पाणी उकळले की ठरलेला वेळ उकळू द्यायचे. प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा.

सहावे काम, विस्तव काढायचा आणि थांबायचे. पाणी निवल्यावरच बाटल्या बाहेर काढायच्या.

वाचायला सोपे वाटते, हो ना? पण हे ठरवायला आपेर यांना दहाबारा वर्षे लागली. कधी बाटल्या फुटत. कधी बूच गळे. कोणता पदार्थ किती वेळ उकळायचा हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. त्यांनी स्वतः करून पाहिले आणि लिहून ठेवले.

१८०३ मध्ये फ्रान्सच्या आरमाराने ब्रेस्त बंदरात त्यांच्या बाटल्यांची परीक्षा घेतली. तीन महिने बाटल्या ठेवल्या आणि मग उघडल्या. आतले सार चांगले निघाले. घेवडा आणि वाटाणा तर नुकताच तोडून आणल्यासारखा लागला. त्याच १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात इकडे आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने आपला नगरचा भुईकोट किल्ला घेतला. म्हणजे इथे तोफा चालल्या होत्या आणि तिकडे एक आचारी वाटाण्याच्या बाटल्या उघडून दाखवत होता. किल्ला कोणी जिंकला हे इतिहासाच्या पुस्तकात असते. वाटाण्याचे कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिले.

गुपित ठेवायचे की सांगायचे

आता मी आपेर यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगतो.

१८१० साल उजाडले. फ्रान्स सरकारने आपेर यांचे काम तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. सगळे खरे निघाले. तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट म्हणजे पेटंट घ्यायचे. पेटंट म्हणजे सरकारी हक्क. तो घेतला की ही कृती दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही, आणि वापरायची असेल तर शोध लावणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. दुसरी वाट म्हणजे सरकारकडून १२,००० फ्रँक बक्षीस घ्यायचे. पण त्याला अट होती. सगळी कृती पुस्तकात छापून जगाला सांगायची.

आपेर यांनी दुसरी वाट धरली. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी काही लपवले नाही. बाटली कशी, बूच कसे, वाटाणा किती वेळ उकळायचा, दूध कसे ठेवायचे, मांस कसे ठेवायचे, सगळे सांगितले. घरची बाई पुस्तक वाचून आपल्या स्वयंपाकघरात करू शकेल असे लिहिले.

मी हे वाचले तेव्हा मला गोट्यांचा खेळ आठवला. आपल्याला एखादी युक्ती सापडली तर आपण ती लपवून ठेवतो. दुसऱ्याला कळली तर तो जिंकेल ना. आपेर यांनी तर पोटापाण्याची युक्ती सांगून टाकली. १२,००० फ्रँक त्या काळी मोठी रक्कम होती हे खरे. पण पेटंट घेऊन कारखाना चालवला असता तर पुढे कितीतरी मिळाले असते.

आणि झाले काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमध्ये पीटर ड्युरंड नावाच्या माणसाने अशाच रीतीचे पेटंट आपल्या नावावर घेतले. त्यात काचेशिवाय पत्र्याचे डबेही होते. ते पेटंट पुढे विकले गेले आणि १८१३ पर्यंत इंग्लंडमध्ये डबाबंद अन्नाचा कारखाना सुरू झाला. ते डबे इंग्रज आरमाराला जाऊ लागले. पत्रा फुटत नाही, त्यामुळे जहाजावर तो सोयीचा. फक्त उघडायला त्रास. डबा उघडायची किल्ली तेव्हा निघालीच नव्हती. छिन्नी आणि हातोडी घेऊन डबा फोडावा लागे.

संकटे

१८१४ मध्ये नेपोलियनचा पराभव झाला आणि शत्रूची सैन्ये फ्रान्समध्ये शिरली. मासी गावात आपेर यांचा कारखाना होता. सैन्याने तो ताब्यात घेतला आणि त्याची नासधूस झाली. ज्या माणसाने सैनिकांच्या पोटाची सोय केली, त्याचाच कारखाना सैनिकांनी मोडला. हे वाचून मला फार वाईट वाटले.

तेव्हा आपेर यांचे वय जवळजवळ ६५ होते. या वयात माणसे पारावर बसतात. पण ते बसले नाहीत. त्याच वर्षी ते लंडनला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये पुन्हा काम उभे केले आणि पत्र्याचे मोठे डबेही वापरू लागले. १८२२ मध्ये फ्रान्समधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने त्यांना मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी दिली. पदवी मोठी मिळाली. पैसा मात्र मिळाला नाही.

बाटलीत नक्की काय होते

आपेर यांना कृती माहीत होती, पण कारण माहीत नव्हते. बंद करून उकळले की अन्न टिकते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. का टिकते? त्या वेळचे मोठे शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी सांगितले की बाटलीतल्या हवेतला प्राणवायू संपतो म्हणून टिकते. सगळ्यांना ते पटले. पण ते पूर्ण बरोबर नव्हते.

खरे कारण लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास प्रयोग करून दाखवले. हवेत, पाण्यात, मातीत आणि आपल्या हातावरही डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते अन्नात पडले की वाढतात आणि अन्न नासते. उकळल्यावर जंतू मरतात. घट्ट झाकण असले की नवे जंतू आत येत नाहीत. म्हणजे दोन्ही कामे पाहिजेत. नुसते उकळून उघडे ठेवले तर नवे जंतू येतात. नुसते झाकण लावले आणि उकळले नाही तर आतले जंतू आतच वाढतात. आपेर दोन्ही कामे करत, म्हणून त्यांना यश आले. कारण कळायच्या पन्नास वर्षे आधी त्यांनी काम बरोबर केले होते.

आता बरणीचे झाकण इतके घट्ट का बसते ते सांगतो. तुम्ही सकाळी गरम गरम भात डब्यात भरून आणला असेल. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायला गेले की झाकण निघत नाही. मग कोणीतरी दांडगा मुलगा तो दोन पायांत धरून ओढतो. तसे का होते? गरम भाताची वाफ डब्यातली हवा बाहेर ढकलते. झाकण लावल्यावर वाफ निवते आणि तिचे पाणी होते. पाण्याला जागा कमी लागते. त्यामुळे डब्यात हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा मात्र पूर्ण जोराने झाकणावर दाबते. हवाच झाकण धरून ठेवते.

काचेच्या बरणीत अगदी हेच होते. बरणी उकळताना आतली हवा आणि वाफ झाकणाखालून बाहेर निसटते. बरणी निवली की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबते. झाकणाला रबराची किंवा रबरासारखी कडा असते. ती काचेवर चिकटून बसते आणि फट राहत नाही. पत्र्याच्या झाकणाचा मधला भाग थोडा आत गेलेला दिसतो. जामची नवी बाटली उघडताना टक् असा आवाज येतो, तो हवा आत शिरल्याचा आवाज. आवाज आला नाही आणि झाकण आधीच वर फुगलेले असेल, तर समजायचे की बाटली बिघडली आहे.

आट्यांच्या झाकणाची काचेची बरणी अमेरिकेतल्या जॉन मेसन या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने काढली. तिचे पेटंट १८५८ चे आहे. त्यामुळे बूच ठोकायची आणि तार बांधायची गरज राहिली नाही. घरोघरी बायका बरण्या भरू लागल्या.

चांगली काच असल्याशिवाय हे काही होत नाही. आपल्या महाराष्ट्रात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला होता. ती कल्पना अंताजी दामोदर काळे यांची आणि तिला लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तिथे काच करायचे शिक्षणही देत. काच परदेशातून आणू नये, आपली आपण करावी, असा त्यामागे विचार होता. एकेक पैशातून कारखाना होतो, हेही मला आपेर यांच्या गोष्टीसारखेच वाटते. पुष्कळ लोकांचे भले पुष्कळ लोकांनी मिळून करायचे.

आयांनी हे जरूर वाचावे

आमच्या शेजारच्या बायका बचत गटात बाटल्या भरतात. म्हणून मी गुरुजींना विचारून हा भाग नीट लिहिला आहे.

आंबट पदार्थात जंतू सहज वाढत नाहीत. म्हणून कैरी, लिंबू, आवळा, चिंच यांचे पदार्थ स्वच्छ बरणीत भरून उकळत्या पाण्यात ठेवले तर चांगले टिकतात. टमाटा कधी कमी आंबट असतो. त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालावे लागते.

पण वाटाणा, घेवडा, मका, मांस, मासे हे पदार्थ आंबट नाहीत. मातीतला एक जंतू असतो, त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. तो स्वतःभोवती कवच करून बी होऊन बसतो. ते बी उकळत्या पाण्यात मरत नाही. आणि बंद बरणीत हवा नसली की त्याला उलट बरे वाटते. तो तिथे वाढतो आणि विष करतो. ते विष कधी कधी वासाने किंवा चवीने कळत नाही. त्याने माणूस मरू शकतो. बी मारायला सुमारे १२० अंश उष्णता लागते. साधे पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. आपले भिंगार तर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. कारखान्यात दाबाच्या मोठ्या यंत्रात बाटल्या आणि डबे तापवतात आणि वेळ मोजतात. घरचा कुकर स्वयंपाकासाठी आहे, त्याच्यावर हा भरवसा ठेवू नये.

म्हणून बिगर आंबट भाज्या घरी वर्षभरासाठी बाटलीत भरू नयेत. त्या वाळवाव्यात किंवा त्यांचे लोणचे घालावे. झाकण फुगलेली, गळणारी किंवा फेस आलेली बाटली चाखूनसुद्धा बघू नये. ती फेकून द्यावी. गाईम्हशीलाही घालू नये.

शेवटचे दिवस

आपेर म्हातारे झाले तरी काम करत होते. शेवटी ते पुन्हा मासी गावी येऊन राहिले. १ जून १८४१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. त्यांच्याजवळ पैसा उरला नव्हता. गरिबांना जिथे एकत्र पुरतात तिथेच त्यांना पुरले. स्वतःची वेगळी समाधीसुद्धा मिळाली नाही.

पुढे लोकांना त्यांची आठवण झाली. १९५५ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. फ्रान्समध्ये त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. आणि समाधी नसली तरी त्यांचे स्मारक जगात सगळीकडे आहे, असे मला वाटते. दुकानातली जामची बाटली, रत्नागिरीच्या आमरसाचा डबा, दूर सीमेवर जवानांना जाणारे बंद अन्न, ही सगळी त्यांच्याच हंड्यातून निघालेली आहेत.

आपेर यांच्या चरित्रातून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, कारण कळले नाही तरी नीट बघून, पुन्हा पुन्हा करून, लिहून ठेवून काम केले तर माणूस खऱ्यापर्यंत पोचतो. दुसरी म्हणजे, अन्न वाचवण्याची विद्या एकट्याने दाबून ठेवायची नसते. भूक सगळ्यांनाच लागते.

अशा या थोर आचाऱ्याला माझा नमस्कार.

इयत्ता चौथी